एक फर्म, एक विंडो

११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी. जीएसटी विवरणपत्रांच्या या तारखांच्या अलीकडचे दोन-तीन दिवस आमच्यासारख्या हिशेबाच्या ऑफिसात येऊन कुणीही ब्राउझरकडे नजर टाकावी. टॅब इतके चेपलेले असतात की नावं दिसत नाहीत. उरतात ती बारकी चिन्हं, आणि त्यातली निम्मी एकाच सरकारी पोर्टलची. पसारा आवरा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं कारण मात्र मला अपुरं वाटतं. संगणक मंदावतो, लक्ष उडतं, हे खरंच. पण त्यामुळे कुणाचा टेम्पो अडत नाही. आमच्या एका पार्टीचा अडला होता.

माझं ऑफिस उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात, राहायला मी बदलापूरला. पार्ट्या तीन गावांतल्या: पाच नंबर कॅम्पातले जीन्सवाले, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतले लेथ-मिलिंगवाले, बदलापूरचे किराणा आणि केटरिंगवाले. यातल्या उल्हासनगरच्या पार्ट्यांची एक अडचण बाहेरच्याला पटकन कळत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये ठेवलं गेलं, १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि बराक नंबर आजही पत्त्यात लिहिला जातो. एकाच पत्त्यावर बापाची फर्म, मुलाची फर्म, सुनेची फर्म. नावं एकाच देवावरून नाहीतर आजोबांवरून. शेवटी कुठे ‘गारमेंट्स’ तर कुठे ‘क्रिएशन्स’, एवढाच फरक.

नंबरांनीही सुटका होत नाही. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो. पुढे मालकाचा पॅन. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. म्हणजे नवरा-बायको दोघांच्या प्रोप्रायटरी फर्म असतील, आणि तिचा पॅन लग्नानंतर काढलेला असेल, तर १५ अक्षरांच्या नंबरात पाच-सहा जागी तेच ते. घाईत डोळा फसतो, यात नवल काय?

असंच एक जोडपं आमच्याकडे आहे. दोन फर्म, दोघांचं बिलिंग एकाच ऑनलाइन सॉफ्टवेअरवर, लॉगिन वेगवेगळं. सकाळी नवऱ्याच्या फर्मचं बिल एका टॅबमध्ये अर्धं भरून ठेवलेलं होतं, कारण पार्टीकडून गाडी नंबर यायचा होता. मधेच बाईंच्या फर्मचा खातेउतारा कुणाला तरी हवा झाला. तो दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करून काढला, पाठवला, टॅब तसाच राहिला. दुपारी गाडी नंबर आला. पहिल्या टॅबवर जाऊन बिल पूर्ण केलं, सेव्ह केलं, त्यावरून मालवाहतुकीचं ई-वे बिल काढलं आणि व्हॉट्सअॅपवर पाठवून दिलं. माल इंदूरचा, आधी भिवंडीच्या ट्रान्सपोर्टला जायचा. दहाएक मिनिटांत शेठचा फोन.

‘‘मॅडम, ये बिल तो मिसेस की फर्म का बना है.’’

शेठ कागद वाचतात म्हणून वाचलो. माल एका फर्मचा आणि कागद दुसऱ्या फर्मचे अशा अवस्थेत गाडी वाटेत तपासणीला सापडली असती तर जीएसटी कायद्याचं कलम १२९ लागलं असतं. त्यात मालक पुढे आला तरी कराच्या दोनशे टक्के दंड. ई-वे बिल वाटेत तपासलं गेलं नसेल तर काढल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं. तसं ते रद्द केलं, बिलही रद्द केलं, दोन्ही नव्याने काढलं. तोवर भरलेला टेम्पो गाळ्यासमोर उभा, आणि ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी शेठला फोन करतोय.

त्या संगणकावर आम्ही तिघी आळीपाळीने बसतो. कुणाच्या हातून झालं हे मी विचारलंच नाही. बिल भरणारीने आपल्या परीने बरोबर केलं होतं आणि खातेउतारा काढणारीनेही. पडद्यावर शेवटपर्यंत नवऱ्याच्याच फर्मचं नाव होतं! मग बिल बायकोच्या नावाने कसं गेलं, हे मात्र मी छडा लावून समजून घेतलं, आणि माझं सगळं सांगणं त्यावरच उभं आहे.

आनंदनगरातल्या मोठ्या कारखान्यात शिरताना गेटवर पास देतात. आत कुठेही जा, माणूस चेहऱ्याने ओळखला जात नाही, पासाने ओळखला जातो. लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरला असाच पास देते. त्याला कुकी म्हणतात. गोम अशी की हा पास टॅबच्या खिशात नसतो. तो अख्ख्या ब्राउझरचा असतो आणि एका वेबसाइटसाठी सहसा एकच. दुसऱ्या टॅबमध्ये दुसरं लॉगिन केलं की जुना पास जातो, नवा येतो. पहिल्या टॅबला याचा पत्ता नसतो. त्याच्या पडद्यावर जुनं नाव तसंच राहतं, पान पुन्हा लोड होईपर्यंत. सेव्ह दाबलं की पलीकडचा सर्व्हर पास बघतो, तुमच्या पडद्यावर काय लिहिलंय ते त्याला दिसतच नाही. काही पोर्टल ही गडबड ओळखून सरळ बाहेर काढतात. सगळीच तेवढी शहाणी नसतात.

हे कळल्यावर टॅबची संख्या मोजण्यातला माझा रस संपला. वीसच्या वर टॅब नकोत, दहाच्या वर नकोत, असले नियम मीही ऑफिसात लावून पाहिले होते. घात दोन टॅबांतही होतो. उलट एकाच फर्मचे तीस टॅब एका विंडोत असले तर फारतर संगणक कुरकुरेल. जपायचं ते सरमिसळीपासून.

त्यावरचा उपाय ब्राउझरमध्येच आहे आणि फुकट आहे. क्रोम किंवा एजमध्ये एका कोपऱ्यात गोल चित्र असतं, तिथून नवीन प्रोफाइल करता येतं. त्याला गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक प्रोफाइलची विंडो वेगळी, पास वेगळे, बुकमार्क वेगळे. त्याला रंग देता येतो. तो द्यावाच, आणि एकाच घरातल्या जोड-फर्म असतील तर चांगले भडक, एकमेकांशी न जुळणारे. आमच्याकडे नवऱ्याची फर्म निळी, बायकोची नारिंगी. प्रोफाइलच्या नावात फर्मच्या नावापुढे पॅनमधले चार आकडे घालावेत, कारण घोटाळा अक्षरांत होतो, आकडे वेगळे पडतात. सेव्ह दाबायच्या आधी ते चार आकडे तोंडाने म्हणायचे. शेजारच्या टेबलावरचे हसतात, हसू द्यावं. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाची जोडणी आहे. तिच्यात एकाच विंडोतले टॅबही वेगवेगळे पास ठेवू शकतात आणि टॅबवर त्या कप्प्याची रंगीत रेघ दिसते.

पण प्रत्येक पार्टीला प्रोफाइल केलं तर प्रोफाइलांचाच बाजार भरतो. ज्यांचं काम रोज असतं आणि ज्यांच्या घरात एकाहून जास्त फर्म आहेत, त्यांनाच स्वतंत्र प्रोफाइल द्यावं. महिन्यातून एकदा उगवणाऱ्या पार्ट्यांसाठी आम्ही ‘फिरती’ नावाचं एक प्रोफाइल ठेवलंय. तिथे एका वेळी एकच फर्म, काम झालं की लॉगआउट, मग पुढची. आणखी एक: प्रोफाइलला कुलूप नसतं. त्या संगणकावर बसलेला कुणीही चित्रावर टिचकी मारून आत जातो. सामाईक संगणकावर पार्टीचे पासवर्ड प्रोफाइलमध्ये साठवू नयेत, मग कितीही कंटाळा येवो.

दोन गोष्टींवर लोक भलताच विश्वास टाकतात. पहिली इनकॉग्निटो. त्यातल्या साऱ्या विंडो आपसात एकच पास वापरतात. तीन उघडल्या म्हणजे तीन फर्मची सोय झाली असं होत नाही. शेवटची बंद करेपर्यंत पास तसाच. दुसरी टॅब ग्रुप. क्रोमने ही सोय २०२० मध्ये आणली, रंगीत गट करता येतात, नाव देता येतं, मिटून ठेवता येतं. एका फर्मच्या कामात खरेदी, विक्री, बँक असे गट करायला ती छानच आहे. मात्र एकाच प्रोफाइलमध्ये निळ्या गटात एक फर्म आणि नारिंगी गटात दुसरी ठेवलीत तर दिसायला व्यवस्थित आणि आतून तीच खिचडी. पसाऱ्यापेक्षा ही नीटनेटकी खिचडी मला जास्त धोक्याची वाटते. पसारा दिसला की माणूस निदान दबकून काम करतो.

आता टॅब का साठतात, याकडे येते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी, त्यांत अनिकेत किट्टूर हे एक, २०२१ मध्ये टॅबच्या सवयींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. टॅबचं ओझं लोकांना जाणवतं, तरी बंद करवत नाही. बंद केला की ती गोष्ट हरवेल ही भीती असते, आणि उघडा टॅब म्हणजे राहिलेल्या कामाची आठवण असते. वाचलं तेव्हा आमच्याच ऑफिसात कुणी बसून लिहिल्यासारखं वाटलं. एका केटररच्या नोटिशीचा टॅब उघडा, कारण उत्तर द्यायचंय. बँकेचं स्टेटमेंट उघडं, कारण एक एंट्री जुळत नाही. कोणाचं चलन उघडं, कारण शेठ ‘‘शाम को भरता हूँ’’ म्हणालेत, आणि ती शाम कधीची ते देव जाणे.

यातलं एकही काम ब्राउझरचं नाही. आम्ही ते वहीत नेलं. टेबलावर एक लांब रजिस्टर, पानाच्या वरच्या बाजूला तारखा छापून चिकटवलेल्या: ७ टीडीएस, ११ जीएसटीआर-१, १५ पीएफ आणि ईएसआय, २० ३बी, आणि तिमाहीवाल्यांसाठी महाराष्ट्राची २२. टॅब बंद करायच्या आधी एक ओळ लिहायची: फर्म, काय राहिलं, कुणाकडून यायचंय. ओळ लिहिली की टॅब मारायला हात कचरत नाही. गूगल शीट ठेवून पाहिली होती, पण ती स्वतःच एक टॅब होऊन बसली आणि इतरांखाली गाडली गेली. वहीला ती भीती नाही.

बंद केलेला टॅब हवाच झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबल्यावर शेवटचा बंद केलेला परत येतो, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून उघड्या टॅबांत नावाने शोधता येतं. रोज लागणारी पानं त्या-त्या प्रोफाइलच्या बुकमार्कमध्ये एका फोल्डरात ठेवावीत. फोल्डरवर उजवी टिचकी मारून सगळी एकदम उघडता येतात. मग रात्रभर ती उघडी ठेवायला कारण उरत नाही. तशीही थोडा वेळ हात लावला नाही तर सरकारी पोर्टलं लॉगिन तोडतात, म्हणजे सकाळी सापडतो तो टॅबचा सांगाडा.

पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात वीज जाते-येते, त्याबाबतची एक चुकीची समजूतही मोडायला हवी. संगणक पुन्हा सुरू झाला की ब्राउझर टॅब परत आणतो, हे खरं. आणतो ते पानाचे पत्ते. अर्धा भरलेला फॉर्म येईलच याची शाश्वती नाही. जिथे ड्राफ्ट सेव्ह करायची सोय आहे तिथे फोन घ्यायला उठतानाही सेव्ह करूनच उठावं. क्रोमचा मेमरी सेव्हर निष्क्रिय टॅब झोपवतो. अर्धवट फॉर्म असेल तर तो सहसा हात लावत नाही, तरी बिलिंगची साइट ‘नेहमी चालू ठेवा’च्या यादीत टाकलेली बरी. ३बीसाठी तर मी एवढं सोवळं पाळते की ती विंडो उघडली की त्या पडद्यावर दुसरं काही उघडायचंच नाही. एकदा फाइल झालेली ३बी बदलता येत नाही, चूक पुढच्या महिन्यांत निस्तरत बसावी लागते.

मोबाइलचं प्रकरण निराळं. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये उभ्या-उभ्या उघडलेल्या पानांना फारसा धोका नाही, तिथे कुणी बिल काढत नाही. क्रोममध्ये मोबाइलवर ९९ च्या पुढे टॅब गेले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. माझ्या फोनवर तो आहे, आणि तो मी तसाच राहू दिलाय.

हे सगळं सुरू करायचं तर महिन्याची २५ तारीख उलटल्यावर करावं, त्याआधी नाही. एका दुपारी जुन्या विंडोत कंट्रोल-शिफ्ट-डी दाबायचं. सगळे टॅब एका फोल्डरात बुकमार्क होतात. फोल्डरला त्या दिवसाची तारीख द्यायची आणि विंडो बंद करायची. मग जोड-फर्मांची प्रोफाइलं करायची, आधी तेवढीच. प्रत्येक पोर्टलवर नव्याने लॉगिन करावं लागतं, ओटीपीसाठी पार्ट्यांना फोन जातात आणि त्या वैतागतात, म्हणून त्यांना सकाळीच मेसेज टाकून ठेवावा. सात तारखेचा टीडीएस यायच्या आत आठवडा-दीड आठवडा हाताशी राहतो, तेवढ्यात कोणता रंग कुणाचा हे सगळ्यांच्या अंगवळणी पडतं.