उत्तरवयातील शिल्लक: भाच्यास पत्र

सातारा,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास,



तुझे सविस्तर पत्र पावले. सत्तेचाळिसावे वर्ष लागले, वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली, घर अद्याप कर्जात, थोरल्याचे महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर आणि हाती म्हणावी अशी शिल्लक नाही. तेव्हा आता बचतीचा आरंभ करण्यात काही अर्थ उरला आहे काय, असा प्रश्न तू विचारला आहेस आणि तो विचारताना स्वतःस पुष्कळ दूषणेही दिली आहेस. दूषणांचा भाग मी वगळतो, कारण तुझ्या वडिलांचे दीर्घ आजारपण, धाकट्या बहिणीचे लग्न आणि स्वतःचा संसार हे सारे तू एकट्याच्या मिळकतीवर निभावलेस हे मला ठाऊक आहे. प्रश्नाचे उत्तर मात्र नीट दिले पाहिजे. कारण उशिरा जागा झालेला मनुष्य एक तर आता काय व्हायचे आहे म्हणून हातपाय गाळतो, किंवा गेलेली वर्षे एका झेपेत भरून काढण्याच्या नादात असलेले किडूकमिडूकही घालवून बसतो, आणि या दोहोंपैकी काहीही तुझ्या बाबतीत होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

व्याजाच्या बाजूने पाहिले तर गेलेला काळ खरोखरच मोलाचा होता, हे लपविण्यात हशील नाही. भविष्य निर्वाह निधीचे जे सार्वजनिक खाते, ज्याला तुम्ही मंडळी पीपीएफ म्हणता, त्यात दरसाल आरंभीच साठ हजार रुपये भरणाऱ्याच्या पदरी आजच्या ७.१ टक्के दराने पंधरा वर्षांअखेर सुमारे सव्वासोळा लाख रुपये पडतात. त्यात मुद्दल नऊ लाख आणि बाकीचे व्याज. हेच खाते पाच-पाच वर्षांच्या मुदतवाढी घेऊन तीस वर्षे चालविले आणि दर तोच राहिला असे धरले, तर रक्कम बासष्ट लाखांच्या घरात जाते. काळ दुप्पट, फळ मात्र जवळजवळ चौपट. चक्रवाढीचा सारा जोर अखेरच्या वर्षांत असतो आणि ती वर्षे तुझ्या वाट्यास यावयाची नाहीत. म्हणून चक्रवाढीच्या चमत्कारावरच सारी भिस्त ठेवणारा उपदेश पंचविशीतल्या तरुणास ठीक आहे. तुला निराळ्या मार्गाने गेले पाहिजे, आणि तसा मार्ग आहे.

कोषागारात चाकरी करीत असता दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांची रीघ मी वर्षानुवर्षे पाहिली. एकाच खात्यातून, एकाच हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या आणि म्हणून जवळजवळ सारखीच रक्कम उचलणाऱ्या दोघांपैकी एकाने पंधरवडा उलटण्यापूर्वीच पुढली रक्कम केव्हा जमा होईल याची चौकशी करीत कचेरीच्या पायऱ्या चढाव्यात आणि दुसऱ्याने वर्षातून एकदा सही करण्यापुरते येऊन, चार गोष्टी बोलून निवांत परतावे, याचे मला प्रथम नवल वाटे. पुढे परिचय वाढला तसे ध्यानात आले की दोघांच्या ठेवींत म्हणण्यासारखी तफावत नसे. तफावत असे ती पन्नाशीत असताना घराला जो खर्चाचा पायंडा पडून गेला होता त्यात. कराडकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक येत. सदऱ्याच्या आतल्या खिशातून ते एक लहानशी वही काढीत, रकमेचा आकडा माझ्याकडून ऐकून आधी तीत लिहीत, त्याखाली ‘पोस्ट’ असा शब्द घालून एक लहान रक्कम वजा करीत आणि उरलेल्या आकड्याखाली दोन रेघा ओढीत. त्यांच्या लेखी निवृत्तिवेतन म्हणजे त्या दोन रेघांवरचा आकडा; वरचा मूळ आकडा त्यांनी कधी घरी सांगितला असेल असे मला वाटत नाही.

त्यांच्यासारख्यांना पाहून जे माझ्या मनात ठसले ते तुला सांगतो. उत्तरवयात काटकसर दोनदा फळते. घरखर्चातील तीन हजार रुपये जर तू कायमचे कमी केलेस, तर वर्षास छत्तीस हजार शिल्लक पडतील. हा लाभ कोणासही दिसतो. परंतु साठीनंतर तेच तीन हजार रुपये दरमहा मिळत राहावेत म्हणून, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या आजच्या ८.२ टक्के दराने, जवळजवळ ४ लाख ४० हजार रुपयांची ठेव उभारावी लागते, आणि ज्याची ती गरजच सरली त्याला ती ठेव उभारावयाचीच नाही. तरुणपणी वाचविलेला रुपया काळाच्या जोरावर वाढतो. तुझ्या वयात वाचविलेला रुपया एकीकडे शिल्लक वाढवितो आणि दुसरीकडे त्या शिलकेवर पडावयाचा भार हलका करतो. महागाईने हे सारे आकडे फुगतील हे खरे, पण ज्या घराची गरज मुळात लहान आहे त्या घराला महागाईचा फटकाही लहानच बसतो. म्हणून मला विचारशील तर, कोणत्या योजनेत अर्धा टक्का अधिक मिळतो याच्या शोधात रात्री जागविण्यापेक्षा घरखर्चाची पातळी कोठे आणून स्थिर करावी याचा विचार सूनबाईंसह बसून एकदा कर.

ही पातळी आणावी कशी हे तुला परक्याकडून शिकण्याची गरज नाही, कारण तू ते पाहत वाढलास. तुझी आई चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरी ते आठव. गहू अंगणात तापवून, निवडून, त्याला एरंडेलाचा हात फिरवून कोठीत जाई. तांदळाच्या थरांतून कडुनिंबाचा वाळला पाला पडे. मिरच्यांचे देठ खुडून वर्षाचा मसाला कांडून येई. साय चार-पाच दिवस साठवून तिचे विरजण लागे, ताक कढीला, लोणी तुपाला, आणि तूप कढविल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून ती तुम्हा भावंडांच्या हातावर पडे. शिळ्या पोळीचा कुस्करा होई आणि विरलेल्या पातळांच्या गोधड्या. त्या घरात कोणी अर्धपोटी निजल्याचे मला ठाऊक नाही, पाहुण्याला कधी पाणी देऊन वाटेला लावल्याचेही नाही; सणावाराला पुरणाचा घाट तुमच्याकडेच मोठा असे. आलेली वस्तू पूर्णपणे उपयोगास आणावयाची आणि सुगीत स्वस्त मिळते ते सुगीतच घ्यावयाचे, एवढ्या दोन गोष्टी ताईने अखंड पाळल्या. आता तू पत्रासोबत पाठविलेली खर्चाची यादी घे. आठवड्यातून दोनदा घरपोच मागविलेले जेवण, कोणी फारसे न पाहणाऱ्या चित्रवाहिन्यांच्या तीन वर्गण्या, जुनी मोटार सुस्थितीत असता बदलून घेतलेल्या नव्या मोटारीचा हप्ता. यांतील एकही गोष्ट पापाची नाही. परंतु यांतल्या किती गोष्टींनी तुम्हाला त्या महिन्यात खरा आनंद दिला हे तुम्ही उभयतांनी एकमेकांना विचारा. मला वाटते, तीन हजारांहून मोठी रक्कम तुमचे तुम्हालाच सापडेल.

पत्नीच्या किंवा मुलांच्या मनाविरुद्ध मात्र काही काटू नकोस. ज्या घरात काटकसर एकाच्या हुकमाने चालते तेथे बाकीचे चोरून खर्च करू लागतात, आणि मग पैशाबरोबर विश्वासही जातो. मुलांना मिळकतीचा आणि कर्जाचा खरा आकडा सांग. थोरला आता अजाण नाही.

रोजकीर्द लिहीत जा. पैसे मोबाईलवरून दिले की त्यांची नोंद आपोआप राहते, मग वही कशाला, असे तू म्हणशील. परंतु यंत्राने ठेवलेली नोंद आपण वाचत नाही, आणि स्वहस्ते लिहिलेला आकडा लिहितानाच वाचला जातो, हा मोठा भेद आहे. डाव्या हातास जमा, उजव्या हातास नावे, खाली दिवसाची शिल्लक. कोणाला हातउसने दिले तर ते खर्चात न दडविता तसलमातीत वेगळे मांडावे, म्हणजे वसुलीचा विसर पडत नाही. कोषागारात दिवसाची शिल्लक जुळल्यावाचून कोणी घरी जात नसे. तुला तितका कडकपणा नको, पण महिनाअखेर ताळा जुळलाच पाहिजे, आणि न जुळल्यास तफावत शोधण्यास एक संध्याकाळ खुशाल खर्च कर. दोन-तीन महिन्यांत घराचा खरा खर्च तुझ्यापुढे उभा राहील. आज तू जो खर्च म्हणून लिहून पाठविला आहेस तो अदमास आहे.

शिलकेची रक्कम पगार जमा होताच काढावी, महिनाअखेर उरेल ती ठेवावी या भरवशावर राहू नये. पीपीएफच्या बाबतीत तर याला नियमाचाच आधार आहे. त्या खात्यावरील महिन्याचे व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या किमान शिलकेवर धरले जाते, म्हणून पाचव्या तारखेनंतर भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. शिवाय न्यायालयाच्या जप्तीच्या हुकमापासून ते खाते सुरक्षित आहे. आकस्मिक प्रसंगासाठी चार-सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम वेगळी उभी राहीपर्यंत पोस्टातील आवर्ती ठेव चालव. ती दरमहा शंभर रुपयांपासूनही सुरू होते. लहान रकमेचा संकोच बाळगू नकोस. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने महाराष्ट्रभर हिंडून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. तो पैसा देणारे बहुतेक लोक तुझ्याहून पुष्कळ गरीब होते.

तथापि या सर्वांच्या आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी बेबाक कर. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटते, परंतु वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या वर जाते, आणि सात टक्क्यांच्या ठेवीत पैसे टाकून चाळीस टक्क्यांचे कर्ज अंगावर बाळगणे हा सरळ सरळ तोट्याचा व्यवहार आहे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, त्याच्या मुळाशी सारावाढ, कापसाचे उतरलेले भाव अशी अनेक कारणे होती. पण आपण काय लिहून दिले आणि व्याज कसे चढत गेले हे ऋणकोला कळत नसे, हे त्यातील एक मोठे दुःख होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. तुला आहे, तेव्हा कार्डाचे मासिक विवरण किमान रकमेपाशी न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत वाच. गृहकर्जाची घाई नको, त्याचा दर सोसण्यासारखा आहे.

आणखी एका गोष्टीची मला विशेष धास्ती वाटते. बारा-चौदा टक्के देऊ करणाऱ्या ठेवींकडे, पाच वर्षांत दामदुप्पट सांगणाऱ्या मंडळींकडे सर्वांत आधी वळतो तो उशीर झालेलाच मनुष्य, कारण त्याला गेलेला काळ विकत घ्यावयाचा असतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी निवृत्तीची सारी रक्कम अशाच एका पतसंस्थेत ठेवली आणि पुढे स्वतःच्याच पैशासाठी अर्ज लिहीत फिरण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांच्या पत्नीचे औषधपाणी शेजाऱ्यांनी चालविले. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, मुद्दल आणि व्याज मिळून दर ठेवीदारास पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा अवघी एक लाख होती. पतसंस्थांना हे संरक्षण नाही. ठेव ठेवण्यापूर्वी एवढे एक विचारून घेत जा, आणि ओळखीच्या माणसाने आग्रह केला तर माझे नाव पुढे करून नकार दे.

सर्व खात्यांवर नामनिर्देशन झाले आहे का ते या आठवड्यात पाहा. तू नोकऱ्या बदलल्या आहेस, तेव्हा पूर्वीच्या मालकाकडील भविष्य निर्वाह निधी सध्याच्या खात्यात वर्ग झाला की नाही याचाही तपास कर. तसा निधी विसरून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. सर्व कागद एका फायलीत लावून ती फाईल कोठे आहे आणि कशात काय आहे हे सूनबाईंना समोर बसवून सांग. मार्गशीर्षाची कीर्द पुरी झाली की तिची नक्कल मला पाठव. हातच्या अक्षरात पाठव, मी प्रत्येक रकमेवर नजर घालून उलट टपाली लिहीन.

ताईस माझा साष्टांग नमस्कार सांग, गुडघ्यांचे दुखणे थंडीत वाढत असेल तर तिने दुपारी उन्हात बसावे. सौ. सूनबाईंस व मुलांस अनेक आशीर्वाद.

तुझा,
मामा