प्रकाशबिंदूंची जाळी

प्रदर्शनातील रंगीत दिव्यांची चौकट पाहून पुष्कळांस वाटते की, प्रत्येक दिव्यास स्वतंत्र तारा जोडलेल्या असाव्यात. वस्तुतः ८ ओळी व ८ स्तंभ अशा ६४ दिव्यांच्या जाळीस तीन प्रकारच्याच तारा लागतात. त्यांची कामे नीट उमजली, म्हणजे जाळी बांधणे सोपे होते आणि ती बिघडल्यास दोष शोधणेही.

येथे आम्ही ‘डब्ल्यूएस २८१२ बी’ या जातीच्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीचा विचार करू. तिच्या प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म एल.ई.डी. आणि त्यांवर हुकमत चालविणारी एक चिप असते. दोन तारा वीज पुरवितात. तिसरी निरोप नेते. पंगतीत पत्रावळींची चळत पुढे सरकते, प्रत्येक जण आपली एक काढून घेतो व बाकीच्या शेजाऱ्याकडे देतो, तसाच हा निरोप चालतो. पहिला बिंदू आपल्या वाट्याचे २४ संकेत ठेवून घेऊन उरलेले पुढे पाठवितो. एका संकेतास १.२५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून सबंध चित्राचा निरोप सुमारे २ मिलिसेकंदांत पोहोचतो आणि सर्व दिवे एकदमच लागल्याचा भास होतो.

मीटरला ३० बिंदू असलेल्या पट्टीचे आठ-आठ बिंदूंचे तुकडे खुणेवर कापून फळीवर ३३ मिलिमीटर अंतराने चिकटवावेत. नांगर तासाच्या टोकाशी वळून उलट येतो, तशी निरोपाची तार एका ओळीच्या शेवटाकडून लगतच्या ओळीच्या त्याच बाजूस न्यावी. पट्टीवर छापलेला बाण निरोपाची दिशा दाखवितो. दर दुसरी ओळ अशी उलटी बसत असल्याने आज्ञावलीतही तिचा क्रम उलट मोजावा. नाहीतर अक्षर विस्कटलेले दिसेल.

एक बिंदू पूर्ण पांढऱ्या तेजाने सुमारे ६० मिलिअँपियर प्रवाह घेतो. ६४ बिंदूंचा हिशेब ३.८४ अँपियर होतो. हा भार नियंत्रकाच्या पटलावरून नेऊ नये. ५ व्होल्टचा, किमान ५ अँपियरचा तयार बंदिस्त अडॅप्टर घ्यावा. तो उघडू नये, कारण त्याच्या आत घरातील २३० व्होल्टची वीज येते आणि ती जिवावर बेतू शकते. जोडणी बदलताना तो प्रथम भिंतीवरून काढावा. प्रत्येक ओळीस जाड तारेने थेट वीज द्यावी. अडॅप्टर व नियंत्रक यांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात आणि निरोपाच्या तारेच्या आरंभी ३०० ते ५०० ओहमचा रोध ठेवावा.

आता प्रकाश पसरविण्याचे काम. उघडा बिंदू डोळ्यांस टोचतो. त्यावर नुसता कागद टेकविला, तरी बिंदू बिंदूच राहतो. पसरण्यास प्रकाशाला अंतर हवे असते. म्हणून पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत चिरा देऊन त्या एकमेकींत अडकवाव्यात आणि २५ ते ३० मिलिमीटर खोलीची घरे करावीत. जेथे पट्टी किंवा तार जाते, तेथे पुठ्ठ्यास खाच ठेवावी. वर बटरपेपर ताणून बसवावा. भिंतींचा पांढरा पृष्ठभाग प्रकाश परतवितो व घर एकसारखे उजळते. कागद व भिंत यांत फट राहिली, तर एका घराचा रंग दुसऱ्यात मिसळतो.

जाळी नीट लागली नाही, तर सर्व तारा उपटण्याची घाई करू नये. नव्याने चालू केल्यावर एखाद्या बिंदूपासून पुढे सर्वत्र अंधार असेल, तर निरोप तेथे तुटला आहे. शेवटचा उजळ व पहिला काळा यांमधील जोड तपासावा. दूरचा पांढरा रंग तांबूस दिसला, तर विजेचा दाब कमी पडतो आहे, निळ्या एल.ई.डी.स तांबड्याहून अधिक दाब लागतो, म्हणून निळा आधी मंदावतो. दोषाचे ठिकाण बहुधा दिवेच दाखवितात; ते वाचण्याची सवय मात्र आपण लावून घ्यावी लागते.