मेध्यत्वाचे प्रयोग : मात्रा केव्हा दिली?

परीक्षांचे दिवस आले की पालक मेध्य औषधे मागू लागतात. अशाच दिवसांत एका औषधनिर्मात्याचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. ‘स्मरणशक्ती वाढविते, प्रयोगसिद्ध’ असा त्यात दावा असून आधार म्हणून उंदरांवरील एक शोधनिबंध जोडलेला होता. असे निबंध वाचताना पहिला प्रश्न ‘औषध कोणते?’ हा नसून ‘औषध केव्हा दिले?’ हा असावा, असे आमचे मत आहे.

या विषयाचा इतिहास आपल्या कुचल्याशी जोडलेला आहे. १९१७ साली अमेरिकेतील कार्ल लॅशली यांनी स्ट्रिक्नीनच्या अल्प मात्रा देऊन उंदरांना चक्रव्यूहात सोडले. उंदीर वाट लवकर शिकले. परंतु औषध अंगात असताना प्राणी शिकत असेल, तर अवधान, भूक, भीती वा चपळाई यांपैकी कशानेही निकाल बदलतो. जेम्स मॅगॉ यांनी पुढे ही अडचण दूर केली. उंदराचे शिकणे संपल्यावर लगेच त्यांनी औषध टोचले व परीक्षा औषध ओसरल्यावर घेतली. तरीही स्मरण सुधारलेले दिसले. टोचण्यास जसजसा विलंब झाला तसतसा लाभ घटला. शिकलेले दृढ होण्यास काही काळ लागतो व त्याच अवधीत औषध त्यावर कार्य करू शकते, असा याचा अर्थ. १९७५ मध्ये गोल्ड व व्हॅन बस्कर्क यांना अ‍ॅड्रेनलीनबाबत असेच आढळले. मध्यम मात्रेने स्मरण सुधारले, अधिक मात्रेने बिघडले. वैद्यास यात नवल वाटू नये.

ग्रहण, धारण व स्मरण या तीन अवस्थांशी धी, धृति व स्मृति यांची सांगड घालण्याचा मोह येथे होतो. तो काही अंशी योग्यही आहे. मात्र धृतीचा मनोनियमनाचा अर्थ उंदराच्या पिंजऱ्यात सापडणार नाही.

आता धत्तूर. त्यातील स्कोपोलामीन मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलीनचे कार्य रोखते व प्राणी शिकलेले विसरतो. मेध्य द्रव्यांवरील अनेक निबंध याच विस्मृतीवर बेतलेले असतात. उंदीर अंधाऱ्या कप्प्यात शिरताच त्याच्या पायांस विजेचा सौम्य झटका बसतो. दुसऱ्या दिवशी तो तेथे शिरण्यास किती सेकंद लावतो, हे मोजतात. अधिक वेळ म्हणजे उत्तम स्मृती. परंतु शामक द्रव्य दिलेला उंदीर नुसता स्वस्थ बसला, तरी सेकंद वाढतातच! उलट स्कोपोलामीनने तो अतिचंचल होतो, बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते. म्हणून निबंधात हालचालींची व वेदनासंवेदनेची स्वतंत्र नोंद आहे का, तसेच मेंदूत सहसा न शिरणाऱ्या मिथिलस्कोपोलामीनशी तुलना केली आहे का, हे पाहावे. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये वर्णिलेल्या जलकुंडाच्या चाचणीत पाण्याखाली दडलेला चौथरा उंदराने शोधावयाचा असतो. तेथेही दिसणारा चौथरा ठेवून दृष्टी तपासणे आवश्यक ठरते.

उपरोक्त पत्रकातील निबंधात औषध शिकण्यापूर्वी एक तास दिलेले होते आणि हालचालींची नोंद नव्हती.

औषधनिर्मात्यांसाठी मात्रेविषयी थोडे. उंदरास दर किलोस १०० मिलिग्रॅम घनसत्त्व दिले असेल, तर प्रचलित रूपांतरानुसार ६.२ ने भागून ६० किलोच्या मनुष्यास सुमारे ९७० मिलिग्रॅम होतात. दोन चमचे सिरपमध्ये तेवढे आहे काय? ब्राह्मीवरील २००१ च्या एका मानवी अभ्यासात ३०० मिलिग्रॅम सत्त्वाचा लाभ १२ आठवड्यांनी दिसला, ५ आठवड्यांनी नव्हे. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आलेल्या पालकांस आम्ही हेच सांगतो. शिवाय ते सत्त्व बॅकोपाचे होते. आपल्या बाजारात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णी येते. चरकोक्त चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी आहे, ब्राह्मी नाही. पण म्हणून एकीचा निबंध दुसरीच्या वेष्टनावर छापता येत नाही.