गौर झोपाळ्यावर बसते, आणि तू?

चैत्र लागला की भाच्या, पुतण्या, सोसायटीतल्या नव्या सुना सगळ्या मला एकच विचारतात, "ताई, चैत्रगौरीचं हळदीकुंकू झेपेल का गं मला?" नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, सासूबाईंचे गुडघे आहेत. मला आता नातवंडं झाली, पण मी अजून सगळ्यांची ताईच. म्हणून तुला निवांत सांगते, तू पुढे सांग.

गौर येते कशाला, ते आधी बघ. भाद्रपदातली गौर घाईची. पहिल्या दिवशी भाजीभाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी निघालीसुद्धा. चैत्रातली मात्र चैत्र शुद्ध तृतीयेला येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते, चांगली महिनाभर. माहेरपणाला आलेली असते ना! म्हणून तिला झोपाळ्यात बसवायचं, पन्हं द्यायचं, कलिंगड कापून ठेवायचं, मोगरा वाहायचा. उन्हातून आलेल्या लेकीसाठी आई जे करील तेच हे सगळं. आणि आपण? तिच्या विसाव्यासाठी आठवडाभर आधीपासून स्वतःची कंबर मोडून घेतो. पायऱ्यापायऱ्यांची आरास, करंज्या-चकल्यांची ताटं, कलिंगडाची कमळं, मग त्या सगळ्याचे फोटो. गौर बसलेली आणि घरातली लेक-सून दिवसभर उभी. मला हे कधीच पटलं नाही. आरास हौस असेल तर जरूर कर, पण शेजारणीच्या आराशीवर कुरघोडी करायला नको करूस.

आमच्याकडे देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पितळी झोपाळ्यात बसते. पुढे समई आणि जमेल तेवढं चैत्रांगण. मी तुळशीवृंदावन, शंख, कासव, गोपद्मं, सूर्य-चंद्र आणि वर गौरीचा पाळणा काढते. पूर्वी अंगणात शेणाच्या सड्यावर काढायचे, आता फ्लॅटच्या दारात दोन फरशांवर मावेल तेवढं. माझी सून देवाधर्माची फारशी नाही. ती म्हणते, "आई, तुमच्या देवीशी माझं काही भांडण नाही, माझं भांडण पितांबरीशी आहे." म्हणून झोपाळा घासायचं काम मुलाकडे दिलंय. चकचकीत घासतो हो! सुनेने हात जोडले की नाही, हे मी बघत नाही. सक्तीने जोडलेले हात गौरीला काय कामाचे? नातीचंही तसंच. रामनवमीला दुपारी बाराच्या ठोक्याला ती माझ्या शेजारी येऊन बसते ती सुंठवड्यासाठी. खोबरं, खसखस, साखर जास्त आणि सुंठ बेताची, अशी तिची आज्ञा असते. तिला राम किती कळतो, याची मी चौकशी करत नाही. त्या वयात आपल्याला तरी सुंठवड्यापलीकडे काय कळत होतं!

आता दिवसाचं. मंगळवार-शुक्रवार चांगले मानतात, पण रविवार तुला सोयीचा असेल तर रविवारी कर. महिनाभर राहणारी बाई तुझ्या सुट्टीसाठी थांबते. परीक्षांचं म्हणशील, तर 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता आणि 2025 मध्ये 30 मार्चला. आपले महिने चंद्राचे, त्यांची सूर्याशी सांगड घालायला मधूनमधून अधिकमास येतो, म्हणून तारीख अशी मागेपुढे होते. एखाद्या वर्षी पाडवा नेमका परीक्षेत आलाच, तर गुढी उभी करायची, कडुलिंबाची कोवळी पानं गूळ-ओवा घालून सगळ्यांना चिमूटभर द्यायची आणि मुलांना अभ्यासाला सोडायचं. श्रीखंड घरी केलं नाही म्हणून वर्ष खराब जात नाही. हळदीकुंकवाला अक्षय्य तृतीयेपर्यंत वेळ आहे.

करायचं काय? डाळ आणि पन्हं. बास. त्या दोन गोष्टी मात्र नीट कर. हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजव, पूर्ण निथळू दे आणि भरड वाट. पिठासारखी बारीक झाली की तिची मजा गेली. वाटीभर डाळीला पाऊण वाटी कैरीचा कीस घे, पण आधी कैरी चाखून बघ, फार आंबट असली तर कमी घाल. मीठ, साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची फोडणी सढळ हाताने कर, पण गार झाल्यावरच डाळीवर ओत. डाळ कच्ची असते, उन्हाळ्यात चटकन आंबते, म्हणून सकाळी करून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नकोस. पन्ह्याची कैरी आदल्या रात्री उकड, गराच्या दुप्पट गूळ घाल, वेलदोडा आणि किंचित मीठ. ओटीला भिजवलेले हरभरे, जोडीला काकडीची फोड. कुरडया-पापड्यांचं याच दिवसांत डोक्यात घेऊ नकोस. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, चीक काढा, शिजवा, मग गच्चीवर कावळ्यांना हाकलत बसा! बचत गटाच्या बायका उत्तम करून देतात, त्यांच्याकडून घे.

आणि आता जे सांगण्यासाठी एवढं बोलले ते. बोलावणं कुणाला? तुझ्या यादीत नवरा असलेल्याच बायका असतील, तर ती यादी फाडून टाक. मला माझ्या माहेरची आत्या आठवते. डाळ तिनेच वाटायची, नारळ तिनेच खवायचे आणि बायका यायला लागल्या की तिनेच आतल्या खोलीत जाऊन बसायचं. तिच्या हातची डाळ सगळ्यांना चालायची, तिचं कपाळ चालायचं नाही. कुणी वाईट नव्हतं गं घरात, सगळी देवभोळी माणसं होती, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. गावाने ठराव केला, मग आपल्या दिवाणखान्याला कसली अडचण? गौर माहेरी येते. माहेरी आलेल्या लेकीला कुणी विचारतं का, नवरा आहे का म्हणून? लग्न न केलेली, सोडून आलेली, नवरा गेलेली, सगळ्यांना बोलव. फक्त एवढं सांभाळ, की कुंकवाची कोयरी सगळ्यांपुढे सारखीच धर आणि लावायचं की नाही ते तिच्यावर सोड. आग्रह केलास तर तीही अवघडते. कुणी कुजबुजलं तर माझं नाव सांग, मी बघून घेईन.

यंदा यादी करायला बसलीस, की बोलावणं न आल्यामुळे इतकी वर्षं घरीच बसलेल्या तुझ्या शेजारच्या काकूंचं नाव सगळ्यांत वर लिही, आणि फोनवर नको, घरी जाऊन बोलव.