माणसें जोडण्याचा अभ्यास

पुस्तकांतील धडा एकट्यानें पाठ करतां येतो. परंतु दहा जणांनीं मिळून एक कार्य तडीस कसें न्यावें, हें पाठ करून येत नाहीं. तें कामांत पडूनच शिकावें लागतें. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाचे अध्यापक विल्यम किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं प्रकल्पपद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. हेतु धरणें, योजना आंखणें, ती अमलांत आणणें व शेवटीं परीक्षण करणें, अशा चार पायऱ्या त्यांनीं सांगितल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पंजाबांतील मोगा येथील मिशनच्या शिक्षक-शाळेनें हीच पद्धति खेड्यांतील मुलांसाठीं वापरून नांव मिळविलें.

या पद्धतीनें माणसांची योजना कशी शिकतां येईल, हें एका उदाहरणानें पाहूं. समजा, संमेलनाच्या दिवशीं नववीच्या वर्गानें उपाहाराचें दुकान मांडावयाचें ठरविलें. प्रथम कामांची यादी करावी: खरेदी, स्वयंपाक, वाढप, हिशेब, भांडीं घासणें. मग प्रत्येक कामास कोणते गुण लागतात तें लिहावें, व नंतरच माणूस निवडावा. बहुधा आपण उलट करितों. मित्राला गल्ल्यावर बसवितों, आणि जो मुकाट्यानें ऐकतो त्याच्यापुढें भांडीं टाकतों. असा मुलगा त्या दिवशीं राबतो. पण पुढच्या वेळीं येत नाहीं. दुकानाचा नफा वहींत दिसतो. हें नुकसान मात्र कोणत्याच वहींत दिसत नाहीं.

म्हणून कंटाळवाणीं कामें पाळीपाळीनें द्यावींत. ज्याला हिशेब येत नाहीं, त्याला जाणत्या मुलाशेजारीं बसवावें. नायकानें सर्व कामें आपणच ओढून घेऊं नयेत. चूक एकीकडे नेऊन सांगावी. शाबासकी मात्र सर्वांदेखत द्यावी. दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं एकत्र बसून कोणास कोणती अडचण आली, याचा विचार करावा. ही चौथी पायरी पुष्कळदां गाळली जाते. वास्तविक खरा धडा तेथेंच मिळतो.

पालकांनींहि घरच्या कार्यांत मुलांस केवळ निरोपे न करितां एखादें काम पूर्णपणें सोंपवावें, व थोडें चुकलें तरी तें हातांतून काढून घेऊं नये.

पौलानें करिंथकरांस लिहितांना मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. तींत दुर्बळ भासणारा अवयवहि आवश्यक ठरतो. विद्यार्थी मित्रहो, दुकान उठल्यावर भांडीं कोणी घासलीं हें ज्याच्या ध्यानांत असतें, त्यालाच पुढच्या वर्षीं नायक निवडा.