अनाम चित्रकाराचा शोध

नवे मासिक हाती पडले, की मुले प्रथम त्यातील चित्रे पाहतात. चित्र आवडले, तर ते पुन्हा पुन्हा पाहतात. पण ते कोणी काढले, हे पाहण्याची आठवण फार थोड्यांना होते. ज्यांना ती झाली, अशा काही मुलांची ही हकिकत आहे.

सन १९४० नंतरच्या काळात अमेरिकेत चित्रकथांच्या मासिकांचा मोठा प्रसार झाला होता. अवघ्या दहा सेंटांत रंगीत चित्रांनी भरलेला अंक मिळे. ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ हे असेच एक मासिक होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच्या एकेका अंकाच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपत. या मासिकात डोनाल्ड डक नावाच्या रागीट बदकाची आणि ह्यूई, ड्यूई व लुई या त्याच्या तीन चुणचुणीत भाच्यांची दहा पानांची गोष्ट येत असे. मासिकावर नाव असे ते एकट्या वॉल्ट डिस्ने यांचे. साहजिकच, ही सारी चित्रे डिस्ने स्वतःच काढतात, असा अनेक मुलांचा समज होता.

परंतु काही मुलांची नजर बारीक होती. सर्व गोष्टी सारख्या नाहीत, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात येऊ लागले. काही गोष्टींतील बदके नुसती बदके वाटत. काहींमधील बदके मात्र जिवंत माणसांसारखी भासत. डोनाल्ड रागावला, की त्याची चोच, त्याचे डोळे, त्याच्या वळलेल्या मुठी, सारे अंगच रागावलेले दिसे. तो खजील झाला, की शब्दांवाचूनही ते कळे. त्याच्या मागची झाडे, डोंगर, जहाजे आणि जुनी नगरे अशी रेखलेली असत, की पाहणाऱ्याला तेथे जाऊन यावेसे वाटे. गोष्टही विचारपूर्वक गुंफलेली असे. आरंभी सहज दिसलेली एखादी वस्तू शेवटी महत्त्वाची ठरे. ज्या अंकात अशी गोष्ट असे, तो अंक मुले जपून ठेवीत. नसे, तो बाजूला पडे.

हा चित्रकार कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. चित्राखाली सही नसे, गोष्टीवर नाव नसे. म्हणून मुलांनीच त्याला नाव दिले, ‘बदकांचा चांगला चित्रकार’. विशेष हे, की एकमेकांना कधी न भेटलेली, दूरदूरच्या गावांतील मुले त्याला याच अर्थाच्या नावाने ओळखू लागली होती. नाव ठाऊक नसलेल्या माणसाला त्यांनी त्याच्या रेषेवरून ओळखले होते.

त्या चित्रकाराचे नाव होते कार्ल बार्क्स. त्यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी ओरेगॉन राज्यातील मेरिल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. आसपास वस्ती विरळ होती. खेळायला सोबती थोडे. त्यांना लहानपणापासून कमी ऐकू येई आणि पुढे हे व्यंग वाढत गेले. चित्रकलेची आवड मात्र उपजत होती. टपालाने व्यंगचित्रकला शिकविणाऱ्या एका वर्गात त्यांनी नाव घातले; पण शेतीच्या कामामुळे थोडेच पाठ पुरे झाले. १९१६ मध्ये त्यांची आई वारली. पुढे पोटासाठी त्यांनी शेती केली, लाकडे तोडली, छापखान्यात काम केले, रेल्वेच्या कारखान्यातही घाम गाळला. मिळेल त्या वेळात ते चित्रे काढीत राहिले.

१९३५ मध्ये ते डिस्ने यांच्या चित्रपटसंस्थेत नोकरीस लागले. पगार आठवड्याला वीस डॉलर. चलच्चित्रातील दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणे, हे त्यांचे काम होते. हे काम कंटाळवाणे असे. पण बार्क्स यांच्या डोक्यात गमतीदार कल्पनांना तोटा नव्हता. केस कापणाऱ्या यांत्रिक खुर्चीची एक कल्पना त्यांनी वरिष्ठांकडे पाठविली. ही खुर्ची डोनाल्डला उलटा धरते, त्याच्या शेपटीचे केस कापते आणि चेहऱ्याला बुटाप्रमाणे पॉलिश करते! १९३७ च्या एका चित्रपटात ती वापरली गेली आणि बार्क्स कथा रचणाऱ्या विभागात गेले.

१९४२ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. संस्थेतील थंड केलेल्या हवेचा त्यांना त्रास होई. कोंबड्या पाळाव्यात आणि घरी बसून चित्रकथा काढाव्यात, असा त्यांचा बेत होता. पुढल्याच वर्षी मासिकासाठी डोनाल्डच्या गोष्टी काढण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि कोंबड्या मागे पडल्या. त्यानंतर सुमारे चोवीस वर्षे त्यांनी शेकडो गोष्टी रचल्या आणि रेखाटल्या. मोबदला पानागणिक मिळे. मासिक कितीही खपले, तरी त्यात वाढ होत नसे.

बार्क्स यांनी फारसा प्रवास केला नव्हता. पण त्यांची बदके जगभर हिंडत. घरी त्यांनी ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचे अंक साठविले होते. दूरदेशीचे डोंगर, मंदिरे, पोशाख यांची छायाचित्रे ते त्यात बारकाईने पाहत आणि मगच चित्र काढीत. १९४९ मधील एका गोष्टीत डोनाल्ड आणि त्याचे भाचे चौकोनी अंड्यांच्या शोधात दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात जातात. अंडी खोटी, परंतु धुक्यात बुडालेला तो पर्वत अगदी खरा वाटतो. मुलांना हसविण्यासाठी काढलेल्या चित्रातही डोंगर डोंगरासारखाच दिसला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. डोनाल्डचा धनाढ्य आणि कंजूष काका, अंकल स्क्रूज, ही तर सर्वस्वी त्यांचीच निर्मिती. १९४७ मध्ये तो एका गोष्टीत प्रथम आला आणि पुढे इतका लोकप्रिय झाला, की त्याच्या नावाचे स्वतंत्र पुस्तकच निघू लागले.

एवढे असूनही बार्क्स यांना आपल्या कामाची पावती मिळत नव्हती. चित्रे पुरी झाली, की ती प्रकाशकाकडे जात; काही महिन्यांनी अंक निघे; आणि पुढील गोष्टीचे काम चालू होई. आपली गोष्ट वाचून कोणी हसले का, कोणी तो अंक जपून ठेवला का, हे त्यांना कळण्यास मार्ग नव्हता. इकडे लक्षावधी मुले त्यांची चित्रे पाहत होती. तिकडे चित्रकार एकटाच मेजाशी बसून होता. मध्ये नावाचा पूल नव्हता.

तो पूल अखेर वाचकांनीच बांधला. चित्रे पाहत मोठे झालेले काही वाचक १९६० च्या सुमारास या शोधाला लागले. त्यांत दोघे भाऊ आघाडीवर होते. त्यांनी चौकशी केली, पत्रे पाठविली आणि शेवटी त्यांना ते नाव मिळाले. १९६० मध्ये वाचकाचे पहिले पत्र बार्क्स यांच्या हाती पडले. तेव्हा त्यांचे वय एकोणसाठ वर्षांचे होते. आपल्या गोष्टी कोणी इतक्या बारकाईने वाचीत असेल, यावर त्यांचा विश्वासच बसेना. कोणी ओळखीचा माणूस आपली थट्टा करीत असावा, असे त्यांना वाटले! परंतु पत्र खरे होते. बार्क्स यांनी उत्तर लिहिले. मग आणखी पत्रे आली, वाचक भेटीस येऊ लागले आणि चित्रकाराला आपले वाचक प्रथमच डोळ्यांनी दिसले.

१९६६ मध्ये बार्क्स कामातून निवृत्त झाले. १९७१ मध्ये एका चाहत्याच्या आग्रहामुळे त्यांनी डिस्ने संस्थेची परवानगी मिळवून बदकांची तैलचित्रे काढण्यास आरंभ केला. या चित्रांवर मात्र त्यांची स्वतःची सही होती. पुढे अनेक देशांत त्यांच्या गोष्टींचे संग्रह त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. एका लघुग्रहालाही ‘बार्क्स’ हे नाव देण्यात आले. २५ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कोणी पाहत नसतानाही बार्क्स यांनी आपल्या कामात कसूर केली नाही, ही त्यांची थोरवी. पण त्या मुलांचीही थोरवी कमी नाही. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, अधिकार नव्हता. होती ती केवळ लक्ष देऊन पाहण्याची सवय. जे आवडले, ते का आवडले, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आणि त्या प्रश्नाचा माग घेत वाचक एका माणसाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचले. आपल्या पुस्तकांतही चित्रे असतात. त्यांच्या कोपऱ्यात किंवा मुखपृष्ठाच्या मागे कधी एखादे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचायला एक क्षण पुरतो.

अभ्यास

१. काही गोष्टी निराळ्या हाताने काढलेल्या आहेत, हे मुलांनी कशावरून ओळखले?
२. वाचकाचे पहिले पत्र आले, तेव्हा बार्क्स यांना काय वाटले? तसे का वाटले असावे?
३. ‘मध्ये नावाचा पूल नव्हता,’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
४. तुम्हांला आवडलेले एखादे चित्र पुन्हा पाहा. ते का आवडले, हे पाच-सहा वाक्यांत लिहा आणि त्याच्या चित्रकाराचे नाव शोधा.