दुसऱ्या किल्लीविषयी काकांचे चिरंजीवास पत्र



मोटारीची आजची किल्ली दिसायला एकच वस्तू असली, तरी तिच्या प्लॅस्टिकच्या कवचात तीन स्वतंत्र व्यवस्था नांदत असतात, आणि त्यांतील एक चालली म्हणजे उरलेल्या दोन चालतीलच असे धरून चालणे, हेच बाहेरून करून घेतलेल्या किल्ल्यांविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे. पहिली व्यवस्था धातूच्या पात्याची, जे कुलपातील बारीक पत्र्या ठरावीक उंचीवर आणते. दुसरी रिमोटची, जो नाण्याच्या आकाराच्या तीन व्होल्टच्या सेलवर चालतो आणि भारतात साधारणतः ४३३.९२ मेगाहर्ट्झवर दाराला संदेश पाठवतो. तिसरी ट्रान्सपाँडरची, म्हणजे स्वतःचा सेल नसलेल्या एका इवल्याशा चिपची. कुलपाभोवती बसवलेले तारेचे वेटोळे तिला सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लहरींतून ऊर्जा पुरवते, ती आपली ओळख सांगते, आणि ती ओळख गाडीच्या नोंदीत सापडली तरच इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी किल्लीने इंजिन चालू न देणारी यंत्रणा, आपला अटकाव काढून घेते.

वहिनींनी फोनवर जे सांगितले, की नवी करून आणलेली किल्ली दार उघडते, इंजिनही क्षणभर सुरू होते आणि लगेच बंद पडते, ते लक्षण बहुधा या तिसऱ्या व्यवस्थेचे आहे. त्यासाठी बॅटरी बदलणे किंवा पेट्रोल पंपावर संशय घेणे व्यर्थ होय. अशा वेळी एक तर नव्या किल्लीत चिपच नसते, किंवा असलेली चिप त्या गाडीच्या जातीची नसते, किंवा ती गाडीत नोंदवलेली नसते. कवच बदलताना आणखी एक घोटाळा हमखास होतो: जुने कवच पात्याने उकलल्यावर रिमोटची हिरवी पट्टी आणि सेल तेवढे उचलले जातात, आणि कडेच्या खाचेत डिंकाने चिकटलेली, काळ्या खड्यासारखी दिसणारी चिप जुन्या कवचासह कचऱ्यात जाते. पाते झिजलेल्या किल्लीवरून कापले असेल, तर ती झीजही नकलेत उतरते, नकलेवरून नक्कल काढली की चूक वाढते, आणि मऊ धातूचे पाते एखाद्या दिवशी कुलपातच मोडते. परदेशातून मागवलेला ३१५ मेगाहर्ट्झचा रिमोट इथल्या गाडीला उपयोगी पडत नाही, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

परंतु वहिनींची तक्रार जिथे संपते, तिथे काकांची काळजी सुरू होते. जुनी गाडी विकताना मालकाने एकच किल्ली दिली, दुसरी हरवल्याचे सांगितले, आणि चिरंजीवाने ते ऐकून पैसे मोजले. हरवली म्हणजे नष्ट झाली असे नव्हे. ती किल्ली कोणाच्या तरी खणात, कोणाच्या तरी खिशात असू शकते, आणि गाडीच्या नोंदीत ती आजही घरची किल्ली आहे. नवी किल्ली करून घेतल्याने जुनीचा हक्क आपोआप जात नाही. नवी नोंदवणे आणि जुनी पुसणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि चावीवाल्याला फक्त पहिली सांगितली, तर तो फक्त पहिलीच करतो. त्याचा त्यात काही दोष नाही.

या नोंदीचे काम स्टिअरिंगखालच्या निदान-जोडणीला, ज्याला गॅरेजमध्ये ओबीडी पोर्ट म्हणतात, यंत्र लावून करता येते. पुष्कळ गाड्यांत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत तो आकडाही त्या यंत्रावर दिसतो, आणि सर्व नोंदी पुसून समोर असलेल्या तेवढ्याच किल्ल्या पुन्हा नोंदवता येतात. तसे केल्यावर हरवलेल्या किल्लीचे पाते दार उघडू शकेल, पण इंजिन चालवू शकणार नाही. दाराचाही बंदोबस्त हवा असेल तर कुलपे बदलावी लागतात, आणि तो खर्च आज लगेच करण्याजोगा नाही असे काकांचेही मत आहे. मात्र हे काम गाडी रात्रभर कोणाच्या ताब्यात देऊन करवू नये, समोर उभे राहून करवावे, आणि एकुलती मूळ किल्ली हातची असतानाच करवावे, कारण तीही गेली तर खर्च आणि खटपट दोन्ही अनेक पटींनी वाढतात.

चिप आहे म्हणून गाडी सुरक्षितच, असे उत्तर चिरंजीवाने वहिनींना दिल्याचे कळते. जर्मनीत १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि तिकडे चोऱ्यांना मोठा आळा बसला, हे खरे. परंतु २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अशाच एका प्रचलित चिपचे गुपित उकलून दाखवले, आणि दुसऱ्या एका चिपवरचा अभ्यास तर फोक्सवॅगनच्या अर्जावरून लंडनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये रोखून धरल्यामुळे २०१५ मध्येच प्रसिद्ध होऊ शकला. ही उकल करायला विद्या लागते. नोंदीत राहिलेली किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याला कसलीच विद्या लागत नाही. शिवाय गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दाव्यासोबत सर्व किल्ल्या मागते, आणि एक नसेल तर ती कुठे गेली याचा खुलासा द्यावा लागतो. म्हणून जुन्या मालकाकडून किल्ली हरवल्याचे लेखी घ्यावे, पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवावी, आणि नव्या गाडीबरोबर किल्लीचा क्रमांक कोरलेली जी छोटी पट्टी मिळते, ती त्याच्याकडे असल्यास मागून घ्यावी, म्हणजे झिजलेल्या पात्याऐवजी मूळ क्रमांकावरून नवे पाते कापता येईल.

एवढे व्यवहारज्ञान शिकलेल्या, कमावत्या मुलास पत्राने कळवावे लागावे, याचे वाईट वाटते. चार ठिकाणी विचारून फोन घेणारा मुलगा गाडी घेताना कोणालाही विचारत नाही, हे काकांना पटलेले नाही, आणि ती दुसरी किल्ली कुठे आहे हा प्रश्न त्याला स्वतःला पडू नये, हे त्याहून पटलेले नाही.

तथापि हा स्वभाव आला कुठून, हे काका जाणतात. दादांनी हयातीत धाकट्या भावाला जे जे सांगितले, ते बहुतेक सारे त्या वयात जाच वाटले. नोकरीविषयी, उसनवारीविषयी, घर भाड्याने देण्याविषयी त्यांची पत्रे येत, आणि त्यांना उत्तरे जात नसत. दादांना आपला राग आला असेल असे तेव्हा वाटे. ती पत्रे आता पुन्हा वाचताना त्यांत राग कुठेच आढळत नाही, प्रत्येक पत्राच्या शेवटी जेवणाची आणि तब्येतीची चौकशी तेवढी आढळते, आणि त्या चौकशीला उत्तर देणे राहून गेले याची खंत काकांना आहे. चिरंजीवाने दादांच्या माघारी वहिनींना ज्या रीतीने सांभाळले, ती पाहता त्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार घरात कोणालाही नाही, आणि वरील परिच्छेदात तसा सूर लागला असल्यास तो काळजीचा समजावा.

सूनबाईंना सातवा महिना लागला आहे. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली आणि हाताला नेमकी ती बंद पडणारी किल्ली लागली, हा विचार वहिनींचा फोन झाल्यापासून मनातून जात नाही. म्हणून तूर्त ती किल्ली जुडग्यातून काढून ठेवावी आणि मूळ किल्लीच दाराजवळच्या खुंटीवर असावी. शनिवारी काका सातारहून सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरतील आणि गाडीजवळ उभे राहून हे काम करवून घेतील. चिरंजीवाने त्यासाठी रजा घेऊ नये, खर्चाचा विषय काढू नये, आणि सूनबाईंनी स्वयंपाकाचा घाट घालू नये. काकूंनी मोरावळा आणि मेतकूट दिले आहे. सूनबाईंना आणखी काही खावेसे वाटत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावे, आणि चिरंजीवाचा पाठदुखीचा त्रास आता कसा आहे, तेही कळवावे.

काका